केळी घेऊन मधमाश्यांच्या दारी

नागपूर सोडायला मला एरवी कारण लागत नाही, पण कळमेश्वरकडे ताईच्या संत्र्याच्या बागेत मी दोन वर्षं पाय ठेवला नव्हता. तिनं मधमाश्या पाळल्यात ना! शाळेत मोहोळ उठलं तेव्हा सगळी पोरं पळाली, मी बघत उभा राहिलो. तोंडाचा भोपळा झाला. तेव्हापासून मिक्सरची भणभण ऐकली तरी मी अंगणात पळतो.

मग सकाळी ताईचा फोन. भाऊजींचा हात मोडलेला, धंतोलीच्या दवाखान्यातून प्लास्टर घालून कालच आणलं. शेजारी उद्या फवारणी करणार. आज दिवेलागणीला आठ पेट्या लांबच्या शेतात हलवल्या नाहीत तर माश्या मरणार.

"पेटीले दोन माणसं लागते. येऊन राहिला का नाही तू?"

सक्करदऱ्याहून दोन बस, दीड तास. मी मध्येच तर्री-पोह्यासाठी उतरलो आणि बस गेली, तुम्ही उतरू नका. पुढे शेअर ऑटो, पण तो कोंबून भरल्याशिवाय हलत नाही. बहिणीकडे रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून डझनभर केळी घेतली. त्यातली दोन ऑटोतच खाल्ली.

ताईनं फाटकातच अडवलं. "अरे येड्या, केळं? माशी डसली का असाच वास सुटते, मंग बाकीच्या धावून येतेत! तोंड धू साबणानं. मिशी बी!"

"मले काय माहीत वं ताई!"

भाऊजी खाटेवरून म्हणाले, "द्या इकडं. मले कोणी पेटी उचलायले सांगत नाही."

ऊन कललं, माश्या परतल्या, ताईनं पेट्यांची दारं बंद केली. जाळीची टोपी घालून मी एक बाजू धरली. आतली भणभण थेट दातांत! कशाबशा सहा पेट्या टेम्पोत चढल्या. सातवी अधांतरी असताना एक माशी उघड्या मनगटावर बसली.

"ताई, डसन ना वं ही!"

"पेटी सोडू नको! भेली हाये ते. बाहेर फिरत बसली, घराचं दार लागलं. तुह्यासारखीच."

पेटी अलगद खाली टेकवून ताईनं दार बोटभर उघडलं. माशी मनगटावरून उठली, फटीत शिरली. तिला माझं काही पडलंच नव्हतं! आठवी पेटी मी ताईनं सांगण्याआधीच धरली.

लांबच्या शेतात पेट्या उतरवून रात्री घरी पोचलो. भीती संपली म्हणणार नाही, पण सकाळी डोळे उघडताच मीच फोन लावला. "जित्या हायेत ना वं?"

"हाव. दार उघडलं तशा आठी पेट्यांतल्या कामाले गेल्या. तू कामाले कव्हा जाशीन?"