लॅपटॉपचा दोष नव्हता

मंडळी, सकाळपासून मन खातंय, म्हणून लिहितोय.

आमच्या शहाद्याच्या कॉलेजचं वायफाय मी सांभाळतो. आज नेट नुसतं रांगत होतं. तपासलं तर सुरतेच्या कुठल्यातरी साडी दुकानाच्या नावाचा लॅपटॉप जोडलेला दिसला. बाहेरचा कुणी फुकट वापरतोय म्हणून मी तो ब्लॉक केला.

थोड्या वेळानं म्हसावदची एक विद्यार्थिनी धापा टाकत लॅबमध्ये आली. तिची नोकरीची ऑनलाइन मुलाखत होती आणि लॅपटॉपला वायफाय लागेना. मोबाइलला इथे रेंज नसते. मी पासवर्ड पुन्हा टाकला, बंद-चालू केलं, वायफायचा ड्रायव्हरही बदलला. मी वैतागून म्हणालो, “जुनं खोकं घेतलं की असंच होतं!”

ती म्हणाली, दादा सुरतेला कामाला होता, तिथल्या त्याच्या दुकानातलाच जुना लॅपटॉप त्यानं घेऊन दिलाय.

मी सेटिंग उघडलं. नाव तेच साडी दुकानाचं.

गुपचूप ब्लॉक काढला. वायफाय लागलं, पण मुलाखतीची वेळ निघून गेली होती.

दादा तिला न्यायला गेटवर आला होता. ती हळूच म्हणाली, “सर, लॅपटॉप बिघडना, हाई मन्हा दादाले सांगू नका. त्याले वाईट वाटी.”

लॅपटॉपच बिघडला असं तिला वाटत होतं, आणि मी “नाही सांगत” म्हणून मोकळा झालो.

उद्या दोघांनाही खरं सांगणार आहे. पण तिला मुलाखतीची वेळ आता पुन्हा कशी मिळवून देऊ, कुणी सांगेल का?