शिडाला पाजलेलं तेल

बोईसरच्या कारखान्यात माझं काम म्हणजे चिकटवलेलं उपटणं. टेपची पट्टी लावायची, थोड्या वेळानं ओढायची आणि ती किती जोर धरते ते बघायचं. त्यातली एक टेप परदेशातल्या हौशी लोकांच्या शिडाच्या बोटींसाठी जाते. शीड फाटलं की दोन्ही बाजूंनी पांढरी पट्टी लावली, झालं काम. पहिल्यांदा ती हातात आली तेव्हा मला बाबांची होडी आठवली, आणि खरं सांगायचं तर त्या लोकांचा थोडा रागही आला. वाऱ्यावर जाणं ही त्यांची सुट्टी होती.

आमच्या खाडीत शीड लावणारे आता एकटे बाबाच. बाकी सगळ्यांनी मशीन बसवलं. भाऊ दर वर्षी मशीनचा विषय काढतो आणि बाबा दर वर्षी ऐकू न आल्याचं सोंग करतात.

शिडाचं सगळं आई बघायची. पावसाळ्यात होडी वर ओढली की शीड पडवीत पसरायची आणि मुशी माशाचं तेल तळहातानं चोळायची. तेल पाजायचं, असं तिचं म्हणणं. तेल प्यालेलं कापड कुजत नाही आणि मऊ पडतं, म्हणजे टाके घालताना सुई सरकते. आम्ही पोरं त्या वासानं नाक मुरडत लांब पळायचो. गेल्या वर्षी शिमग्यानंतर आई गेली. त्या पावसाळ्यात शीड कोणी उघडलंच नाही, आणि नारळी पुनवेला होडी पाण्यात गेली नाही. यंदाही गेली नाही तर मशीन बसणार, हे घरात ठरल्यासारखंच होतं.

श्रावण लागला तसं बाबांनी माळ्यावरून शीड खाली काढलं. उंदरांनी मधोमध हातभर फाडलं होतं. बाबांनी टाके घालून बघितले, पण विरलेलं कापड टाका धरेना. मग मी साहेबांना विचारून टेपचं एक रीळ आणलं. विलायती बोटी यावरच चालतात, असं भावाला जरा तोऱ्यातच सांगितलं आणि पट्टी लावली. सकाळी बघते तर ती सुटून लोंबत होती. हात दाखवून अवलक्षण. भाऊ नुसता हसला, ते जास्त लागलं.

माझं काम सोपं व्हावं म्हणून बाबांनी फाटल्या जागी आधीच तेल चोळून ठेवलं होतं. शिडाला हात लावायचा तर आधी तेल, ही आमच्या घरची रीत. त्यांना रागावून काय करणार? मी स्पिरिटची बाटली आणि जुन्या साडीची चिंधी घेतली. नवं तेल, जुनं तेल, सगळं निघाल्याशिवाय टेप धरणार नव्हती. पहिला हात फिरवला आणि बाबांनी माझं मनगट धरलं.

"पुसू नको. तुझ्या आयचा हात हाय त्याच्यात."

त्यांनी शीड गुंडाळून आत नेलं. पुसलं नाही तर होडी सुटणार नाही, हे त्यांना माझ्याइतकंच कळत होतं.

पुनवेच्या आदल्या दिवशी त्यांनी आपणहून शीड पडवीत आणून पसरलं आणि खाडीकडे तोंड करून पायरीवर बसले. "पूस," म्हणाले.

मी पुसत गेले. चिंधी काळपट होत गेली आणि तो वास पडवीभर झाला. मी रडले. बाबांनी एकदाही मागं वळून बघितलं नाही. मग पट्टी लावली, दाबली, सवयीनं ओढूनही बघितली. सुटली नाही. मी चिंधी केरात टाकायला निघाले, तेव्हा पाठमोरेच म्हणाले, "ती टाकू नको. माझ्याकडं दे."

पुनवेला होडीला हळद-कुंकू आई लावायची. यंदा मी लावलं. बाबांनी ती चिंधी डोलकाठीला घट्ट बांधली, नारळ सोडला आणि शीड उभारलं. होडी खाडीच्या तोंडाशी गेली तरी पांढरी पट्टी दिसत होती. भाऊ माझ्याशेजारी उभा होता. माझ्या हातांचा वास अजून गेला नव्हता. मी हात त्याच्यापुढे धरले. त्यानं नाक मुरडलं नाही. माझे हात तसेच आपल्या तोंडावर धरून तो बराच वेळ उभा राहिला.