तुटलेल्या बोल्टावरची वात

त्या कार्तिकात माझी पूजा नुसती हातांनी चालली होती. विभूती लावायचो, बेल वाहायचो, पण मनात देवाशी उभं भांडण होतं. आई थकली होती. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की हृदय कमजोर झालंय, आता त्यांच्या मनासारखं होऊ द्या. आणि आईच्या मनात एकच गोष्ट होती. अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, जुन्या अँबॅसिडरमधून तिला एकदा कपिलधारच्या कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेला जायचं होतं. अण्णा गेल्यापासून ती गाडी केजच्या आमच्या घरामागं पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती, धूळ खात आणि उंदरांना आसरा देत. मी म्हटलं, "आई, चांगली जीप करू की, आरामात जाशील." ती म्हणाली, "दुसऱ्या गाडीनं देव भेटंल रे, पर हे न्हाई भेटायचे."

अण्णांचं भांड्यांचं दुकान होतं. एरवी सणालाही अर्धं शटर उघडं ठेवणारा माणूस, पण कार्तिकी पौर्णिमेला दुकान पूर्ण बंद. पहाटे गाडी धुऊन व्हायची, स्टिअरिंगवर विभूतीची तीन बोटं उठायची. मागच्या सीटवर आम्ही भावंडं एकमेकांच्या मांडीवर, पुढं आई, तिच्या पायाशी दशम्यांचं गाठोडं. नेकनूर मागं पडलं की आईचं सुरू व्हायचं, "आलं का हो कपिलधार?" अण्णा दर वेळी "येतंय" म्हणायचे. खरंच पोचलो की हँडब्रेक ओढून तिच्याकडं बघत म्हणायचे, "आलं. उतर सावकाश, देव कुठं पळून चाललाय?" तोवर आम्ही दारं उघडून तिथल्या धबधब्याकडं धूम ठोकलेली असायची. त्या सीटचा उन्हानं तापलेला वास मला आजही आठवतो.

म्हणून गाडी पुन्हा चालू करायला घेतली. मिस्त्री रशीद, माझा शाळेतला दोस्त. तोंडानं फाटका, पण जीव लावणारा. इंजिन उघडलं, बरंचसं निघालंही. अडलं ते सायलेन्सरचा पाईप इंजिनाला धरून ठेवणाऱ्या बोल्टांपाशी. वर्षानुवर्षांचा गंज. रशीदनं रॉकेल सोडलं, गरम केलं, मग पान्यावर पाईप चढवून आम्ही दोघांनी जोर लावला. कट् असा आवाज झाला आणि बोल्टाचं डोकं पान्यात आलं. बाकीचा बोल्ट आतच राहिला, इंजिनाच्या पृष्ठभागाशी सपाट. धरायला नखाएवढी जागा नाही. ड्रिल लावलं तर ते घसरायला लागलं. रशीदनं हात मागं घेतला. "इंजिनाचं हेड तडकलं तर गाडी भंगारात गेली समज. असलं हेड आता कुठं मिळतंय?"

तेवढ्यात त्याला कडा गावच्या साखर कारखान्यावर हंगामाआधीच्या कामाला जावं लागलं. मी त्याला अडवू लागलो तर खेकसला, "कावून घाई करतो बे? मी येईस्तोवर हात लावू नको." तो गेला आणि मी इंजिनावर जुनी चादर टाकून शेडचं दार ओढून घेतलं. पौर्णिमा जवळ येत होती. देवासमोर बसलो की मी विचारायचो, एवढंसं मागितलं होतं, तेही जड झालं का तुला? भीती खरी ही होती की आई वाट बघत बघतच जाईल. भंगारवाल्यालाही सांगून ठेवलं होतं की बहुतेक गाडी न्यायला यावं लागेल.

रशीद परत आला तो यात्रेच्या अगदी तोंडावर. दुपारी आम्ही शेडमध्ये गेलो, चादर उचलली आणि दोघंही बघत राहिलो. तुटलेल्या बोल्टावर तेलानं थबथबलेली कापसाची वात बसवलेली होती. आजूबाजूला तेल झिरपून काळं ओलं वर्तुळ झालं होतं.

आई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिला धड दिसत नव्हतं. बोल्ट अडल्याचं तिनं माझ्याच तोंडून ऐकलं होतं; बोटांनी चाचपून तिनं ती जागा शोधली असणार. म्हणाली, "समईतलं उरलेलं तेल हाय. ह्यांची रीतच व्हती."

मग मला आठवलं. देवापुढचं तेल मोरीत जाऊ नये म्हणून अण्णा ते दुकानाच्या कुलपाला, तराजूच्या साखळीला, गाडीच्या दारांच्या बिजागऱ्यांना लावायचे. अण्णा गेले आणि मी ते विसरलो. आई रोज पूजेनंतर, भिंतीला धरत, एकटी शेडपर्यंत येत होती. मी आत रुसून बसलो होतो त्याच वेळी.

रशीदनं एरवीसारखी टर उडवली नाही. वात अदबीनं उचलून आईच्या हातात दिली, जागा पुसली, तुटक्या बोल्टावर नट ठेवून वेल्डिंग मारलं. धूर निघाला तो विझलेल्या दिव्याच्या वासाचा. लोखंड निवेपर्यंत आम्ही थांबलो. मग त्यानं पाना लावला. बारीकसा कर्र आवाज झाला आणि बोल्ट फिरला. "या अल्ला," तो पुटपुटला. माझ्या तोंडून "शिवा शिवा" निघालं आणि मी लहान पोरासारखा रडलो.

तेलानं सुटला, आचेनं सुटला की आणखी कशानं, मी रशीदला विचारलं नाही.

पौर्णिमेला गाडी निघाली. आई पुढच्या सीटवर, पायाशी दशम्या. तिचा हात सीटवरून फिरत होता. नेकनूर मागं पडलं, घाट आला, आणि समोर बघत ती म्हणाली, "आलं का हो कपिलधार?"

ती मला कधी 'अहो' म्हणत नव्हती. "येतंय," मी म्हणालो. पोचल्यावर हँडब्रेक ओढला आणि तिच्याकडं बघत म्हणालो, "आलं. उतर सावकाश, देव कुठं पळून चाललाय?" आई हसली. तिच्या बाजूचं दार उघडलं. इतक्या वर्षांनी ते जराही कुरकुरलं नाही. तेल तिथंही पोचलं होतं.

माघात आई गेली. मनात काही न राहता गेली, याचे उपकार मी कुणाचे मानायचे ते मला ठाऊक आहे. आता समईतलं उरलेलं तेल घेऊन मी शेडमध्ये जातो, बिजागऱ्यांना लावतो. कुठं काही अडलं की हात अजूनही पान्याकडं जातो, जोर लावावासा वाटतो. तेव्हा मी थांबतो आणि स्वतःलाच म्हणतो, उतर सावकाश.