बाईंचा ढवळत राहायचा भात

पार्सल मी फेकलं. मुद्दाम नाही, पण फेकलं मीच. ते आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण त्या वेळी सांगायला मला दोन दिवस लागले होते.

पिंपरीला तेव्हा नव्या कारखान्याचं काम चाललं होतं. यंत्रं बसवायला परदेशातून काही माणसं आली होती, त्यांतले एक साहेब इटलीचे. त्यांच्या बंगल्यावर मी स्वयंपाकाला आणि वरकामाला होते. मी मूळची रत्नागिरीकडची. चौथीत असताना आई गेली, धाकट्यांना बघायला घरी राहिले, आणि शाळा सुटली ती सुटलीच. लग्नानंतर ह्यांना कारखान्यात काम मिळालं म्हणून इकडे आले. पिंपरी गावात नदीच्या अंगाला एका मावशींकडे आम्ही खोली घेतली होती. माझं वय एकोणीस. माहेर इतकं लांब की आठवण आली तरी ती मनात धरून ठेवायची, दुसरं काही करता येत नसे.

साहेबांच्या बायकोला मी बाई म्हणायची. बाईंना इंग्रजीही धड येत नव्हतं, मला तर काहीच नाही. आमची दोघींची भाषा म्हणजे दहा-बारा शब्द आणि हातवारे. ‘पानी’, ‘नको’, ‘बस’, ‘उद्या’ एवढं त्यांना येई. पण कामाला लागले त्याच महिन्यात मला हिवताप आला, तेव्हा ह्याच बाईंनी मला घरी पाठवलं नाही. स्वतःच्या पलंगावर निजवलं, कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवल्या, आणि मी उठायला लागले की खांदा दाबून पुन्हा झोपवलं. आई गेल्यापासून माझ्या कपाळावर कुणी हात ठेवला नव्हता. त्यामुळे बाईंचं काही बिघडलं की मला चैन पडत नसे.

आणि बिघडलं होतंच. बाईंना पाचवा महिना होता, तरी उलट्या थांबत नव्हत्या. मी भात करायची, वरण करायची, बटाटे उकडायची, सगळं ताटात तसंच राहायचं. गालांची हाडं वर आली होती. पुण्याचे डॉक्टर बघून गेले. साहेब मोडक्या हिंदीत मला म्हणाले, “डॉक्टर बोलता है, खाना नहीं तो घर जाना. जहाज.” पुढच्या सोमवारी पुन्हा तपासणी होती. तेव्हाही वजन उतरलेलं दिसलं तर तिकीट काढायचं. एवढ्या अशक्त बाईला बोटीत घालायचं म्हणजे काय, हे काही माझ्या डोक्यात शिरेना. पण डॉक्टर म्हणाले म्हणजे तसं असेल.

त्याच आठवड्यात बाईंच्या आईकडून पार्सल आलं. बाईंनी ते उघडलं, एकदा वास घेतला, डोळे पुसले आणि फळीवर ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी फळी पुसताना मी बघितलं, तर आत काळपट, सुरकुतलेले तुकडे. ओल्या गोणपाटासारखा वास. मला वाटलं, बोटीत पाणी लागून काहीतरी कुजलंय. बाईंना वासानेच उमासे येतात, आईने पाठवलेलं म्हणून त्यांना टाकवत नसेल, आपणच टाकावं. नेलं आणि उकिरड्यावर झटकलं. वर हातही धुतले स्वच्छ, चांगलं काम केल्यासारखे.

गुरुवारी साहेब कारखान्यात जाण्याआधी स्वयंपाकघरात आले. खुशीत होते. बाईंना काहीतरी खावंसं वाटत होतं. रिसोत्तो म्हणून भाताचा प्रकार, त्यांच्या आईच्या हातचा. शनिवारी दुपारी मी करायचा, बाई खुर्चीत बसून सांगतील. “चावल है,” साहेब म्हणाले, “बटर है, चीज का डब्बा है, और यह है,” आणि कागदावर पेन्सिलीने एक छत्री काढली. आखूड दांड्याची. मी हसले, म्हटलं पावसाचं काय मध्येच. मग त्यांनी छत्रीखाली गवत काढलं, आणि फळीकडे बोट केलं, बाईंच्या आईचं पार्सल ठेवलं होतं त्या बाजूला.

अळंबी. वाळवलेली अळंबी होती ती.

मी मान हलवून “हां जी” म्हणाले. दुसरं काय म्हणणार? सांगायचं तर कुठल्या शब्दांत? साहेब गेल्यावर उकिरड्यावर जाऊन पाहिलं. कोंबड्यांनी उकरून ठेवलं होतं आणि वर पावसाने चिखल केला होता.

संध्याकाळी मावशींना सांगितलं. श्रावण सरत आला होता, आमच्याकडे या दिवसांत वारुळांवर अळंबी उगवतात. इथे कुठे मिळतील का, विचारलं.

“कुत्र्याच्या छत्र्या?” मावशी म्हणाल्या. “त्या का खात्यात व्हय? आमच्यात न्हाई कोन खात.”

“आमच्याकडे खातात. मटणासारखी लागतात.”

“तुमचं कोकन येगळं. हितली माती येगळी. ती मडमीण मेली तर तुला फाशी देत्याल, आन मला साक्षीला वढत नेत्याल. जा, जाऊन सांग तिला, बाई, टाकलं मी. लई तर मारंल.”

“ती मारायची नाही. ते परवडलं असतं.”

शुक्रवारी पहाटे मावशी स्वतःच मला देहूच्या वाटेवरच्या माळावर घेऊन गेल्या. बांधाला एक मोठं वारूळ होतं, आणि त्याच्या अंगाला पांढरी, मधे टोक काढलेली अळंबी. अगदी आमच्याकडच्यासारखी. म्हणजे मला तशी वाटली. एक उपटून वास घेतला तेव्हा तशीच वाटली, आणि चार उपटल्यावर वाटलं की दांडा जरा जाडच आहे. “आदी हात जोड नागोबाला,” मावशी म्हणाल्या. मी हात जोडले, पण मनातल्या मनात नक्की काय मागायचं ते सुचेना.

घरी मावशींनी शिजत्या अळंब्यांत चांदीचा रुपया टाकला. विष असेल तर रुपया काळा पडतो म्हणे. नाही पडला. त्या परीक्षेत काही अर्थ नसतो हे मला फार पुढे कळलं, पण तेव्हाही माझं समाधान झालं नव्हतं. बाईंच्या पोटात घालायच्या आधी माझ्या पोटात जायला हवं होतं.

हे शिफ्टला निघाले होते. बघतात तर मी ताटलीत अळंबी घेऊन बसलेली.

“न्याहारीला भाजी?” त्यांनी विचारलं. मी कारण सांगितलं. ते चपला काढून समोर बसले. “घाल मला पण.”

“तुम्ही नको. दोघांना काही झालं तर घरी कळवणार कोण?”

“मावशी आहेत ना. त्यांना पत्ता देऊन ठेवतो.” असं म्हणून त्यांनी चांगले मोठे तीन तुकडे उचलले. “मीठ कमी आहे,” म्हणाले आणि कामाला गेले. मी दिवसभर बंगल्यावर फरशी पुसत होते आणि कुठे दुखतंय का बघत होते. दुखत काहीच नव्हतं. हे घरी आले, तेही ठणठणीत.

शनिवारी सकाळी त्याच वारुळावरून ताजी आणली. फेकल्याचं अजून सांगितलं नव्हतं. ठरवलं, आधी बाईंना दोन घास जाऊ देत.

रोजच्याप्रमाणे मी तांदूळ तीन पाण्यांनी धुतले. मावशींनी पाहुण्यांसाठी म्हणून जुना आंबेमोहर काढून दिला होता. जुना म्हणजे शीत न् शीत मोकळं होणारा. बाई खुर्चीत येऊन बसल्या, भांड्यात डोकावल्या आणि “नको, नको” म्हणून धुतलेले तांदूळ बाजूला सारले. कोरडे मागितले, न धुतलेले. मला वाटलं, मला समजलं नाही. मी पुन्हा पाणी घ्यायला गेले, तर त्यांनी माझा हात धरला. मग त्यातलेच कोरडे काढून दिले, तर तेही चिमटीत घेऊन त्यांनी नाक मुरडलं. माझ्या डब्यात घरी न्यायला घेतलेला, आमच्या रोजच्या खाण्यातला नवा तांदूळ होता, शिजून गिच्च होणारा, तो बघून मात्र त्यांचा चेहरा उजळला. पाहुण्यापुढे वाढायला लाज वाटावी असा तांदूळ तो.

पुढेही सगळं उलटंच. आईने मला शिकवलेलं, भाताला आधण एकदाच, मग झाकण, आणि हात लावायचा नाही, शितं मोडतात. इथे झाकण नाहीच. लोण्यावर कांदा परतायचा, त्यावर अळंबी, त्यावर कोरडे तांदूळ, मग शेजारच्या स्टोव्हवर उकळत असलेलं गाजर-कांद्याचं पाणी एकेक डाव घालायचं आणि ढवळत राहायचं. मी थांबले की बाई हवेत बोट गोल फिरवायच्या. अर्धा तास मी ढवळत होते आणि डोळ्यांदेखत भात बिघडत होता. पेज नाही, खीर नाही, आजाऱ्याला देतात तसला लगदा. बाई मात्र पुढे झुकून वास घेत होत्या, आणि त्यांना उमासा आला नव्हता.

मग त्यांनी चमच्यात थोडा घेऊन माझ्या तोंडापुढे धरला. मी मागे सरले. खाणाऱ्याआधी रांधणारीने चाखायचं म्हणजे सगळं पातेलं उष्टं. बाई चमचा तसाच धरून राहिल्या. शेवटी खाल्ला मी. भात आतून अजून कणीदार होता. बाईंनी तोच चमचा पुन्हा बुडवून स्वतः चाखला आणि “बस” म्हणाल्या. अर्धा कच्चा भात, आणि बस! वर लोणी, साय आणि किसलेलं चीज घालून तो खोलगट बशीत वाढायला सांगितला.

पहिला घास त्यांनी गिळला. दुसऱ्यात अळंबीचा तुकडा आला. चावता चावता त्या थांबल्या. उठल्या, फळीपाशी गेल्या, डबे सरकवले. मग माझ्याकडे वळून बघितलं.

मी सगळं सांगितलं, मराठीत. कुजलं वाटलं, फेकलं, माळावरून आणलं, काल मी खाल्लं, ह्यांनीपण खाल्लं, काही झालं नाही. हातांनी खिडकीबाहेर दाखवलं, उपटल्यासारखं केलं, तोंडाकडे नेलं, काल म्हणून बोट मागे केलं. त्यांना काय कळलं कोण जाणे. त्यांचा एक हात पोटावर गेला, दुसऱ्याने बशी दूर सारली. पार्सलासाठी रागावल्या की अळंब्यांना भ्याल्या, मला काहीच उमगेना. मग मीच बशी ओढली आणि जमिनीवर बसून खायला लागले. रडत होते, त्यामुळे चव काही कळली नाही.

अर्धी संपल्यावर बाईंनी बशी काढून घेतली आणि पातेल्यावर ताट झाकलं. मला भिंतीवरच्या घड्याळाकडे नेलं आणि काचेवर बोट ठेवलं, चारवर. तेव्हा एक वाजला होता.

तीन तास आम्ही समोरासमोर बसलो. मी शेंगा सोलल्या. मधूनच बाई यायच्या, माझी पापणी खाली ओढून बघायच्या, जीभ काढायला लावायच्या, आणि पुन्हा जाऊन बसायच्या. माझ्यासाठी बघत होत्या की स्वतःसाठी? दोन्ही असेल.

चार वाजले. भाताचा पार घट्ट गोळा झाला होता. मला वाटलं, आता टाकायला सांगतील. पण बाईंनी स्वतः स्टोव्ह पेटवला. कितीतरी दिवसांनी त्या स्टोव्हपाशी उभ्या राहिल्या होत्या. तव्यावर लोणी सोडलं, गोळ्याचा लहान तुकडा घेऊन तळहाताने थापला, थालीपीठ थापावं तसा, आणि दोन्ही बाजूंनी लाल केला. मग एवढा वेळ ढवळला कशाला? विचारायला शब्द नव्हते. त्यांनी एक पूर्ण खाल्लं. दुसऱ्यातलं अर्धं मोडून मला दिलं, उरलेलं स्वतः खाल्लं. मी मोरीत बादली तयार ठेवली होती. ती लागली नाही.

साहेब आले तेव्हा बाई भरभर काहीतरी बोलल्या. साहेबांचा आवाज चढला. माझ्याकडे बघून दोनदा हात उडवला. बाईंनी त्यांना तव्यावरचा तुकडा दिला. तो खाताना ते गप्प होते, पण खाऊन झाल्यावर पुन्हा बोलायला लागले.

रविवारीही बाईंनी भात मागितला. सोमवारी दोघं पुण्याला डॉक्टरांकडे गेले, आणि मी दार उघडं ठेवून ओट्यापाशी बसून राहिले. दुपारी गाडी आली. साहेब सरळ आत गेले. बाईंनी हातातली पिशवी माझ्याकडे दिली. आत तांदूळ होते, पुण्याच्या बाजारातून आणलेले, चांगले पाच शेर. तिकिटाचं कुणी काही बोललं नाही. निदान मला कळेल असं नाही. मी तांदूळ डब्यात भरायला घेतले, आणि ते धुवायचे की नाहीत हे विचारायला बाईंच्या खोलीकडे गेले.