पद्मजाबाईंनी उलट वाचलेलं पुस्तक

हातात पेन्सिल नसली की पद्मजाबाईंना वाचताच यायचं नाही. गिरगावातल्या एका जुन्या प्रकाशनात बावीस वर्षं मुद्रितं तपासण्यात गेलेली. लग्नपत्रिका आली तरी आधी चुकांवर खुणा, मग तारीख. त्यामुळे बहिणीच्या मुलीने, मनवाने, जपानी मांगा, म्हणजे चित्रांतली कादंबरी, आणून दिली तेव्हा बाई पेन्सिलीला टोक काढूनच बसल्या.

गोष्ट प्रकाशनाच्या कचेरीतलीच. एक संपादक, हाताखालची एक मुलगी आणि त्यांचं प्रेम. पहिल्याच पानावर दोघं हातात हात घालून उभी. पुढे पुढे बोलणं कमी होत गेलं, आणि शेवटच्या पानावर तर तो तिला नाव विचारू लागला. "हे कसलं मेलं प्रेम," म्हणत बाईंनी पुस्तक मिटलं. पण जेवण काही गेलं नाही. शुक्रवारी शामराव निवृत्त होणार होते, आणि काळाचौकीची खोली भावाला देऊन कायमचे गावी जाणार होते.

शामराव बाईंचे जोडीदार, कामापुरते. त्यांनी मूळ प्रत मोठ्याने वाचायची, विरामचिन्हांसकट, आणि बाईंनी छापील कागदावर पेन्सिल फिरवायची, ही तिथली रीत. बावीस वर्षांत या गृहस्थाने कामाबाहेरचा शब्द म्हणून काढला नाही. बाईंनी तरी कुठे काढला? दोघंही एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं अशी.

"अगं मावशी, ही पुस्तकं उजवीकडून उघडायची असतात. तू शेवटाकडून सुरू केलंस," मनवा हसून लोळायची बाकी राहिली. बाईंनी पुन्हा वाचलं, या खेपेला बिनपेन्सिलीने. दोघं अनोळखी होती, मग जवळ आली. आणि मनातलं आधी बोलून दाखवलं ते मुलीनेच.

शुक्रवारी टेबलाशी बसताना बाई म्हणाल्या, "आज मी वाचते. पेन्सिल तुम्ही घ्या."

शामरावांनी निमूटपणे घेतली. समोरचा कागद कोरा बघून त्यांनी चष्मा पुसला. बाईंनी स्वतः लिहून आणलेला कागद उघडला. आवाज सांभाळून त्या वाचू लागल्या.

"शामराव, स्वल्पविराम, गावी जाऊ नका, पूर्णविराम. मला तुमच्या आवाजाची सवय झाली आहे, पूर्णविराम. नुसती सवय नाही, स्वल्पविराम, मला तुम्ही हवे आहात, पूर्णविराम."

पेन्सिल कागदावर टेकली ती टेकलेलीच राहिली. बाईंना वाटलं, झालं, घालवली अब्रू या वयात.

"पद्मजाबाई," शामराव खाली बघतच म्हणाले, "शेवटचं वाक्य परत वाचा."

बाईंनी वाचलं. या वेळी पूर्णविराम म्हणायचा राहून गेला. शामरावांनी ती चूक दाखवली नाही. "भावाला कळवतो," ते म्हणाले, "खोली देत नाही म्हणून."