क्रेनवाल्याच्या कागदावरचा शब्द

आमचे हे बावीस वर्षं क्रेन चालवतात. घरात गादी उचला म्हटलं की कंबर धरतात, तिथे मात्र बारा टन लोखंड अलगद उचलून ठेवतात. यंदाच्या डॉक्टरी तपासणीत सगळं ठीक निघालं, पण कागदाच्या तळाशी डॉक्टरीणबाईंनी एक शब्द लिहिला: पेन्सिव्ह. फोरमन म्हणाला, याचा अर्थ कळेपर्यंत क्रेनची किल्ली माझ्याकडे राहील.

झालं! शेजारच्या मास्तरांना विचारलं. ते खूश होऊन म्हणाले, छान शब्द आहे, विचारात बुडालेला माणूस. म्हटलं, बुडालेल्याला इतक्या उंचावर कोण बसवेल? लेकीने मोबाईलवर पाहिलं. नुसता विचारी माणूस नव्हे, म्हणाली, विचारात गढलेला आणि आतून जरा उदास. चेहऱ्याला लावतात, गप्प बसण्यालाही लावतात. माझं डोकंच फिरलं. उदास? कशापायी? वेळेवर गरम जेवण मिळतं, लेक गुणाची आहे, मी काय छळते की काय? यांना विचारलं तर भिंतीकडे बघत बसले.

"आई, हेच ते," लेक म्हणाली.

दुसऱ्या दिवशी यांना घेऊन दवाखाना गाठला. बाई म्हणाल्या, नजर उत्तम आहे. पण वरून खालचा माणूस नीट दिसतो का, एवढंच विचारलं तर हे बराच वेळ बोललेच नाहीत, म्हणून लिहिलं. हवं तर खोडते, म्हणत त्यांनी पेन उचललं.

"राहू द्या बाई," हे म्हणाले. "माणूस दिसतो. पण तो हातवारे नसतो."

हातवारे म्हणजे यांचा जोडीदार. खाली उभा राहून डावा खांदा पाडून हाताने खुणा करायचा, उचल, सोड, थांब. म्हणून सगळे त्याला हातवारेच म्हणायचे. दोन महिन्यांपूर्वी गेला. मी त्याच्या बायकोला भेटून आले, रडले, आणि घरी येऊन कामाला लागले. यांना मात्र तेव्हा एका शब्दानं विचारलं नाही. कसली मी बाई!

किल्ली यांनी परत मागितलीच नाही. हातवारेची जागा मागून घेतली. ही बढती की घसरण, फोरमनलाही सांगता येईना, मला तर नाहीच. काल डबा द्यायला गेले तेव्हा हे लांबून दिसले. डावा खांदा पाडलेला, हात वर, मूठ मिटलेली: थांब. ती खूण क्रेनवाल्यासाठी होती, तरी मी डबा धरून तिथेच उभी राहिले.