इदालिनाचं फाटक

आमच्या सांता ओलाया गावात इदालिना बोर्बाला ओळखत नाही असा माणूस सापडणार नाही. तिच्याशी वाद घालून जिंकलेलाही नाही. पोर्तुगालच्या तेरसेरा बेटावरून लॉरेंसूशी लग्न करून ती कॅलिफोर्नियात आली आणि त्याच आठवड्यात गोठ्यात उतरली. सासरे म्हणाले, बायकांनी ट्रॅक्टर चालवायचा नसतो. पुढच्या रविवारी ती ट्रॅक्टर घेऊनच मिस्साला आली. मी चर्चच्या पायरीवर उभी होते. नन्सच्या शाळेत वाढलेल्या मला हसावं की क्रुसाची खूण करावी, कळेना.

लॉरेंसू गेल्यावर तिने मोजक्या गाई ठेवून बाकीच्या विकल्या आणि पश्चिमेच्या कुरणावर चौदा लहान घरं बांधायचं ठरवलं. गोठ्यांत राबणाऱ्या कुटुंबांना परवडतील अशी. पलीकडे एक मोठी बांधकाम कंपनी आलिशान घरं उभारत होती आणि इदालिनाच्या कुरणावर तिचा डोळा होता.

आमच्या भागात नवं घर बांधणाऱ्याला गावं जोडणाऱ्या रस्त्यांसाठी प्रादेशिक मंडळाचं शुल्क भरावं लागतं. मात्र मंडळाच्या यादीतला एखादा रस्ता बांधणाऱ्यानेच करून दिला, तर त्याचा खर्च शुल्कातून वजा होतो. कालव्याच्या रस्त्यापासून महामार्गापर्यंतचा तुकडा त्या यादीत होता आणि तो इदालिनाच्याच कुरणातून जायचा होता. तिचा भाचा एल्मानो डांबराचीच कामं घेतो. त्या हिवाळ्यात त्याची यंत्रं रिकामी होती. मंडळाचा इंजिनियर ब्रायन फागुंदेश आमच्या पोर्तुगीजांतलाच. त्याच्या बाप्तिस्म्याचा गोड पाव इदालिनाने भाजला होता. तो कुरणात येऊन म्हणाला, "मावशी, करा सुरू. करार मागाहून होईल."

आमच्याकडे शब्द दिला की काम सुरू होतं. रस्ता झाला. ब्रायनने मापं घेतली, रस्ता उत्तम झाल्याचं सांगितलं. कंपनीच्या घरांतले लोक दुसऱ्याच दिवसापासून त्यावरून धावू लागले.

मग घरांच्या परवान्याची वेळ आली आणि मंडळाने पूर्ण शुल्क मागितलं. करार कामाच्या आधी व्हायला हवा होता, म्हणून वजावट नाही. एकाच रस्त्याचे पैसे दोनदा द्यायचे, तर बँकेचं कर्ज पुरणार नव्हतं. कुरण कंपनीला विकण्यावाचून मार्ग उरला नसता.

"विकणार?" मी तिला विचारलं.

"माझ्या मढ्यावरून जाऊ देत त्यांचे बुलडोझर," ती म्हणाली, आणि एल्मानोला लोखंडी फाटक करायला सांगितलं.

रस्ता मंडळाच्या ताब्यात द्यायचे कागद त्याच करारासोबत अडकले होते. म्हणजे जमीन अजून तिचीच होती. तिने दोन कवाडांचं फाटक बसवलं, एक किल्ली अग्निशमन दलाला नेऊन दिली आणि रस्त्याच्या मधोमध पाण्याची टाकी ठेवली. गाईंना ऊन लागलेलं डांबर फार आवडलं. संध्याकाळी त्या तिथेच रवंथ करत पसरायच्या.

ब्रायन धावत आला. "मावशी, रस्ता असा बंद करता येत नाही!"

"कुठला रस्ता? तुमच्या हिशोबात इथे रस्ताच नाही. हे माझं कुरण आहे. जरा काळं आहे, एवढंच."

मंडळाच्या सभेत हॉल भरला होता. अध्यक्ष व्हिटेकरबाईंनी विचारलं, "मिसेस बोर्बा, कराराशिवाय काम सुरू करायला तुम्हाला सांगितलं कुणी?"

ब्रायन पहिल्याच रांगेत मान खाली घालून बसला होता.

"मला सांगायला कोण लागतं?" इदालिना म्हणाली. "रस्ता असेल तर वजावट द्या. नसेल तर माझ्या गाईंना झोपू द्या."

बरीच चर्चा झाली. शेवटी मंडळाने मोठं मन दाखवून अर्धी वजावट देऊ केली.

बाहेर पार्किंगमध्ये ब्रायनने तिला गाठलं. "माझं नाव का नाही घेतलंत?"

"तुझी नोकरी गेली असती. मला रस्त्याची वजावट हवीय, गाढवा, तुझं मुंडकं नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने फाटकाचं एक कवाड उघडलं. एकच. टाकी दुसऱ्या बाजूला सरकवली. "अर्ध्या वजावटीला अर्धा रस्ता," तिने खिडकीतून डोकं काढणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं. येणाऱ्यांनी थांबायचं, जाणाऱ्यांना सोडायचं. रांग कालव्यापर्यंत गेली. त्या रांगेत व्हिटेकरबाईही होत्या. त्यांची लेक कंपनीच्याच घरात राहते.

"हे नीट दिसतं का, मिसेस बोर्बा?" त्यांनी काच खाली करून विचारलं.

"मलाही तेच वाटतं, बाई. अर्धवट काम फार वाईट दिसतं."

पुढच्या सभेला मंडळाचे वकील जाड फाईल घेऊन आले होते. ते बोलायला उभे राहण्याआधीच ब्रायन उठला. त्याचा आवाज कापत होता. "काम सुरू करायला मी सांगितलं होतं. मापंही मीच घेतली. चूक मंडळाच्या बाजूची आहे, मिसेस बोर्बांची नाही."

इदालिना मागे वळून मला म्हणाली, "बाप्तिस्म्याला रडला होता, तसाच रडतोय बघ." पण तिचेही डोळे भरले होते.

पूर्ण वजावट मंजूर झाली. ब्रायनला ताकीद मिळाली, नोकरी राहिली. सह्या झाल्या त्या दुपारी तिने दुसरं कवाड उघडलं आणि गाईंना हाकलून आत घेतलं. त्या नाराज होत्या.

आता चौदाही घरांत माणसं राहतात. रस्ता मंडळाचा झाला, तशी मंडळाने फाटक काढून न्यायला माणसं पाठवली. इदालिना स्वयंपाकघरातून ओल्या हातांनीच बाहेर आली.

"खांब माझ्या हद्दीत आहेत," ती म्हणाली. "कवाडं हवी तर न्या. एल्मानो दुसरी करून देईल."

माणसं तशीच परत गेली. दोन्ही कवाडं अजून तिथे आहेत, उघडी. दर शनिवारी ती त्यांच्या बिजागऱ्यांना तेल घालते.